ईएफ ६२ टक्के, तरी दुसऱ्या मजल्यावर दम: आत्याच्या हृदयाचं मॉडेल

आत्या सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते. बिल्डिंगला लिफ्ट नाही, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा मी कॉलेजात होतो तेव्हापासून चालू आहेत. वय ६७, वजन ६१ किलो, बीपीचा त्रास वीस वर्षांपासून, गोळ्या वेळच्या वेळी. रोज सकाळी सारसबागेत जायची, ते गेल्या पावसाळ्यात हळूहळू बंद पडलं, कारण परत येऊन जिना चढताना आधी दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगला थांबावं लागायला लागलं आणि मग पहिल्यालाही.

दिवाळीनंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. कुठे ते सांगत नाही, मुद्दा तो नाहीये. रिपोर्ट हातात देऊन सांगण्यात आलं की ईएफ (भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं तो आकडा) ६२ टक्के आहे, पंपिंग एकदम छान, वयाप्रमाणे होतं असं, जरा वजन कमी करा. ६१ किलोच्या बाईला. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "अरे हृदय नॉर्मल आहे म्हणे माझं. मग हा दम काय शेजारच्यांचा लागतोय मला?"

मी डॉक्टर नाही. चाकणला पंप आणि हायड्रॉलिक्सच्या सिम्युलेशनचं काम करतो, त्यामुळे "पंप छान आहे" हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो की कुठल्या लोडला? आमच्याकडे पंप टेबलावर ठेवून नुसता फिरवून कोणी पास करत नाही. आत्याचा इको मात्र झोपवून, शांत पडलेली असताना काढलेला, आणि तक्रार सगळी जिन्यातली.

आत्याला विचारूनच हे लिहितोय. नाव घालू नकोस एवढंच म्हणाली.

रिपोर्टात काय होतं

डावं व्हेंट्रिकल, म्हणजे अंगभर रक्त ढकलणारा खालचा डावा कप्पा, पूर्ण भरलेला असताना ८४ मिली, दाबून झाल्यावर ३२ मिली. म्हणजे एका ठोक्याला ५२ मिली बाहेर, ५२ भागिले ८४ बरोबर ६२ टक्के, हाच तो ईएफ. नाडी ७८, म्हणजे मिनिटाला चार लिटरच्या किंचित वर. बीपी १५० बाय ८०. भिंतीची जाडी १३ मिलिमीटर. वरचा डावा कप्पा जरा मोठा झालेला. आणि शेवटच्या ओळीत कोणीच ज्याच्याबद्दल बोललं नाही तो आकडा, ई बाय ई प्राइम, १२. ई म्हणजे कप्प्यात भरायला येणाऱ्या रक्ताचा वेग, ई प्राइम म्हणजे त्या वेळी स्नायू किती वेगाने सुटतो ते, आणि हा त्यांचा भागाकार.

आता साधारण निरोगी माणसाचं बघा. भरलेला कप्पा १२० मिली, रिकामा ५०, एका ठोक्याला ७०, ईएफ ५८. म्हणजे ईएफवर परीक्षा घेतली तर आत्याला निरोगी माणसापेक्षा जास्त मार्क! पण ईएफ हे गुणोत्तर आहे हो. लहान भांड्यातून थोडं काढलं तरी टक्केवारी चांगलीच दिसते. ते भांडं लहान का झालंय आणि भरताना किती कुरकुरतंय हे त्यात कुठेच येत नाही.

भिंत जाड का झाली याचं उत्तर लाप्लासच्या जुन्या सूत्रात आहे, फुग्याच्या भिंतीतला ताण म्हणजे आतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. कप्पा गोल धरला तर १२० मिलीला आतली त्रिज्या साधारण ३.०६ सेंटिमीटर, जाडी ९ मिलिमीटर, दाब १२०, ताण येतो २०४. आत्याचं ८४ मिलीला २.७२ सेंटिमीटर, जाडी १३, दाब १५०, ताण १५७. वाचून मी दोनदा गणित तपासलं. दाब जास्त असून भिंतीतला ताण कमी! म्हणजे वीस वर्षं बीपीशी झगडून स्नायूने स्वतःची सोय करून घेतलीय, जाड होऊन. फक्त जाड भिंत दाबायला सोपी असली तरी ताणायला अवघड, आणि हृदयाला दर ठोक्यानंतर भरायचंही असतं ना.

लॅपटॉपवरचं हृदय

हृदयाची मॉडेल्स दोन टोकांची असतात. एका टोकाला खरा त्रिमितीय आकार, स्नायूचे तंतू आतल्या बाजूला साधारण ६० अंश एकीकडे आणि बाहेरच्या बाजूला ६० अंश उलटीकडे वळलेले (स्ट्रीटरने १९६९ साली हे कोन मोजून ठेवलेत), त्यावर होल्झापफेल आणि ऑग्डेन यांचं २००९चं स्नायूचं समीकरण, आत रक्ताचा प्रवाह, वर विजेची लाट. फार सुंदर प्रकरण आहे ते, त्या पिळामुळेच तर एकेक तंतू जेमतेम पंधरा टक्के आखडतो आणि कप्पा मात्र साठ टक्के रिकामा होतो, ओला टॉवेल पिळतो तसं. पण त्याला एमआरआय लागतो, तंतूंची दिशा लागते, आणि मशीन लागतं. पुण्यात १९९१ला सीडॅकने परम ८००० हा महासंगणक बनवला म्हणून काय तो शनिवारी मला मिळणार नाहीये.

दुसऱ्या टोकाला आमच्यासारख्यांचं मॉडेल, ज्यात आकारच नाही. प्रत्येक कप्पा म्हणजे एक दाब आणि एक आकारमान, मधे झडपा, नळ्यांना अडथळा, आणि लवचीक नळ्यांना साठवणक्षमता. बस. दहाबारा समीकरणं, पायथॉन, आणि रविवार दुपारचा चहा.

धमन्यांचा भाग सगळ्यात सोपा. शेतात पाठीवरचा फवारणी पंप बघितलाय ना? हात वरखाली झटक्याझटक्याने चालतो पण नोझलमधून फवारा एकसारखा येतो, कारण आत हवेची कुपी असते, ती दाब साठवते आणि मधल्या वेळात सोडते. महाधमनी तेच काम करते, फक्त हवेऐवजी स्वतःची लवचीक भिंत वापरते. ऑटो फ्रँकने १८९९ साली हे गणितात बसवलं आणि नावही तेच दिलं, विंडकेसल, म्हणजे हवेची कुपी, जुन्या आगीच्या बंबांवर असायची तशी. माझ्यासारख्या पंपवाल्याला हे वाचून घरी आल्यासारखं वाटलं.

हृदयाचा दाबणारा भाग सुगा आणि सागावा यांच्याकडून घेतला. १९७०च्या दशकात त्यांनी कुत्र्यांच्या हृदयांवर मोजून दाखवलं की व्हेंट्रिकल म्हणजे एक असा स्प्रिंग समजा ज्याचा ताठरपणा प्रत्येक ठोक्यात वाढतो आणि परत खाली येतो. दाब भागिले आकारमान (त्यातून एक स्थिर आकारमान वजा करून) बरोबर ताठरपणा, आणि त्याचं शिखर हे त्या स्नायूच्या जोराचं माप. निरोगी माणसाला ते माझ्या हिशोबात २.४च्या आसपास आलं, आत्याला ५. एकक पारा मिलिमीटर दर मिलीलिटर. म्हणजे दाबण्याचा जोर आत्याकडे दुप्पट आहे! पंपिंग छान आहे हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच.

भरण्याचा भाग मात्र स्प्रिंगसारखा सरळ रेषेत नसतो. सुरुवातीला सैल, मग एकदम कडक, नवीन फुगा शेवटी शेवटी फुगवताना होतो तसं. गणितात त्याला घातांकी वक्र लावतात. त्या घातांकातला एक आकडा, कडकपणाचा, निरोगी माणसाला मी ०.०२२ धरला. आत्याचा किती तेच तर शोधायचं होतं.

पहिली माती

पहिल्यांदा मी फुफ्फुसाकडून येणारा दाब १० वर ठोकून ठेवला आणि कडकपणा वाढवला. एका ठोक्याचं रक्त ७२ वरून ४२ मिलीवर. या हिशोबाने आत्याला जिना सोडा, खुर्चीतून उठताना गरगरायला हवं होतं. आणि ती तर बसल्या बसल्या मला साबुदाण्याच्या चिकवड्या पॅक करून देत होती.

चूक काय ते कळायला एक आठवडा गेला. शरीर म्हणजे नळाला जोडलेला पंप नाही, बंद सर्किट आहे. हृदयात जात नाही ते रक्त गायब होत नाही, मागे तुंबतं, मागचा दाब वाढतो, किडनी मीठपाणी धरून ठेवते, आणि दाब वाढला की कडक कप्पाही भरतो. गायटन आणि मंडळींनी १९७२ साली या सगळ्याचं एक अवाढव्य आकृतीवजा मॉडेल छापलं होतं, किडनीपासून हॉर्मोनपर्यंत शेकडो चौकटी, बघितलं तर एखाद्या रिफायनरीचं ड्रॉइंग वाटेल. मी त्यातलं एवढंच उचललं की एकूण रक्त ठरलेलं, त्यातलं नळ्यांना ताणणारं रक्त किती हे एक बटण, आणि मागचा दाब मी ठरवायचा नाही, मॉडेलने सांगायचा.

तसं केल्यावर चित्र उलटलं. ठोक्याचं रक्त जवळजवळ तेच राहिलं आणि सगळी किंमत मागच्या दाबात गेली. दम लागण्याचं कारण पुढे किती रक्त जातंय हे नाहीच मुळी, मागे फुफ्फुसात किती दाब साचतोय हे आहे. फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांमधला दाब वाढला की फुफ्फुसं जड होतात, आणखी वाढला की पाणी झिरपायला लागतं.

(मधे एक रात्र पास्कल आणि पारा मिलिमीटर यांच्या घोळात गेली. १३३ने गुणायचं राहिलं होतं. ऑफिसात ज्युनिअरला यावरून मी बोलणी दिलीयत.)

दोन आत्या

आता खरी गंमत. मॉडेलमध्ये चौदा अज्ञात आकडे आणि माझ्याकडे मोजलेले सहा. शाळेतलं पोरगंही सांगेल की हे सुटणार नाही. आणि तसंच झालं, रिपोर्टाशी तंतोतंत जुळणाऱ्या दोन वेगवेगळ्या आत्या मिळाल्या.

पहिली आत्या कडक. भिंतच ताठ, कडकपणाचा आकडा ०.०४०, पण स्नायू सुटतो मात्र वेळेवर. दुसरी आत्या संथ. भिंत थोडी कमी कडक, ०.०३६, पण ठोका संपल्यावर स्नायू ढिला व्हायलाच वेळ लावतो. हेही खरं असतं हं, ढिलं होणं म्हणजे नुसतं सोडून देणं नाही, पेशीतलं कॅल्शियम परत भांडारात ओढून न्यावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते.

झोपून काढलेल्या इकोत या दोघी जुळ्या बहिणी. ईएफ तोच, बीपी तेच, नाडी तीच. भरल्यावरचा दाब एकीचा १५, दुसरीचा १२, पण इको दाब थेट मोजत नाही, अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बांधणारा ई बाय ई प्राइम १२ होता. ८च्या खाली असेल तर निवांत, १४च्या वर असेल तर दाब वाढलेला, मधे असेल तर काहीच सांगता येत नाही. आत्या बरोबर मधे.

पण जिन्यात दोघी वेगळ्या वागायला हव्यात. का ते ढोल-ताशा पथकात वाजवलेल्याला पटकन कळेल. ठेका वाढवत नेला की टिपरू मारायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, कमी होतो तो दोन ठोक्यांमधला मोकळा वेळ. हृदयाचंही तसंच, नाडी ७८ असताना एक चक्र साधारण ७७० मिलिसेकंदांचं, त्यात भरायला ४५० तरी मिळतात. नाडी ११८ झाली की चक्र ५१० वर येतं पण दाबायला २७० लागतातच, भरायला उरले २४०. संथ आत्याला ढिलं व्हायलाच सव्वादोनशेच्या वर लागतात. म्हणजे तिची पंचाईत वाढलेल्या नाडीने होईल, ११५च्या पुढे. तोवर ती बऱ्यापैकी तग धरेल.

कडक आत्याचं गणित वेगळं. तिला वेळ पुरतो, जागा पुरत नाही. ८४ मिलीला दाब १५, पण ९६ मिली भरायचं म्हटलं की दाब २५. बारा मिलीसाठी दहा! निरोगी माणूस १२० वरून १३२ वर गेला तर तीनच वाढतो. म्हणजे कडक आत्याची पंचाईत प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त मागितलं की होते, नाडी कितीही असो. उलट नाडी वाढली तर तिचं बरंच होईल, कारण तेवढंच रक्त जास्त ठोक्यांत वाटलं जाईल.

आणि इथे मी खुर्चीत सरळ बसलो. कारण आत्याच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये एक मेटोप्रोलॉल आहे, ५० मिलिग्रॅम. नाडी हळू करणारी. आत्या संथ असेल तर ती गोळी वरदान, आणि कडक असेल तर तीच गोळी जिन्यात तिचा गळा धरतेय.

जिना मोजला

शाळेतला एक मित्र आता हृदयरोगतज्ज्ञ आहे. त्याच्याकडे जायच्या आधी मी टेप घेऊन आत्याकडे गेलो. पायऱ्या ५४, प्रत्येक सात इंच, म्हणजे एकूण उंची ९.६ मीटर. ६१ किलो तेवढं वर न्यायचं म्हणजे साधारण ५७५० ज्यूल. आत्याला दोनदा थांबून साडेतीन मिनिटं लागली, मी मागे मोबाइलवर स्टॉपवॉच लावून, ती "लोक काय म्हणतील" म्हणत. भागाकार केला, सरासरी २७ वॅट. जुन्या झिरोच्या दिव्याच्या जवळजवळ दुप्पट, एवढीच ती मागणी.

मित्राला सगळं दाखवलं. ग्राफ बघून तो फार काही भारावला वगैरे नाही. म्हणाला, "हे बघ, तुझ्या मॉडेलमध्ये पेरिकार्डियम, म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण, नाही, उजवी बाजू नावाला आहे, आणि ई प्राइम सहाच आहे तिचा, म्हणजे स्नायू सुटायलाही थोडा संथ असणारच. खरं पेशंट तुझ्या दोन डब्यांपैकी एकात बसत नसतं." मग ग्राफ परत आपल्याकडे ओढला आणि म्हणाला, "पण चढताना मोजलंच नाहीये आपण, हे खरंय."

माझ्या मते सगळ्या खटाटोपातून निघालेलं हेच सगळ्यात मोलाचं वाक्य. मॉडेलने आत्याला काय झालंय ते सांगितलं नाही, सांगूही शकत नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं की दोन आत्या कुठल्या जागी वेगळ्या होतात, आणि कुठला आकडा आणला की वाद मिटेल.

सायकलवरचा इको

झोपून पायडल मारायची सायकल असते, बाजूला इकोचा प्रोब. पहिलीच पायरी २५ वॅटची. मी मित्राकडे बघितलं, तो म्हणाला हो, तुझा जिना.

आत्या साडी नेसून आलेली, मग तिथल्या सिस्टरनी त्यांचा पायजमा दिला, त्यावरून दहा मिनिटं. पायडल सुरू झाल्यावर मात्र कोणी बोललं नाही. २५ वॅटवर तिसऱ्या मिनिटाला तिने हात वर केला, बास म्हणून. नाडी फक्त ९७. स्क्रीनसमोर बसलेल्या डॉक्टरांनी तेवढ्यात आकडे पकडले होते. ई होता सेकंदाला ७२ सेंटिमीटर, झाला १०८. ई प्राइम ६चा ६च, इंचभर हलला नाही. म्हणजे गुणोत्तर १२ वरून १८. उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या झोताचा वेग २.६ मीटर होता तो ३.५ झाला. यातून दाब काढायला बर्नुलीचं समीकरण वापरतात, वेगाचा वर्ग गुणिले चार, आम्ही पाइपलाइनला वापरतो तेच, फक्त एककं त्यांच्या सोयीची. २७ वरून ४९. पंचवीस वॅटला.

सायकल सोडल्यावर पाच मिनिटांत सगळं खाली. म्हणजे झोपवून आणखी दहा इको काढले असते तरी दहाही नॉर्मलच आले असते.

आणि माझ्यासाठी महत्त्वाचा आकडा तो ९७. संथ आत्या या नाडीला थांबायला नको होती, तिच्याकडे भरायला अजून ३०० मिलिसेकंद होते. कडक आत्या बरोबर इथेच थांबते. मी दर वॅटला मिनिटाला ७० मिली जास्त रक्त लागतं असं धरलं होतं, बसल्या जागचे चार धरून २७ वॅटला साधारण सहा लिटर होतात, ९८ ठोक्यांत वाटले तर ठोक्याला ६० मिली, त्यासाठी कप्पा ९६ मिलीपर्यंत भरायला हवा, दाब २५. तीच नाडी ११२ पर्यंत जाऊ दिली तर ठोक्याला ५३ पुरतात, दाब १६. मॉडेलवर पहिल्यांदा विश्वास बसला तो या क्षणी, आणि लगेच भीतीही वाटली, कारण आकडे फारच गोड येत होते.

मित्राने निदान लिहिलं, ईएफ शाबूत असलेलं हार्ट फेल्युअर. आत्याला फेल्युअर शब्द ऐकून धक्का बसला, त्याने समजावलं की म्हणजे हृदय बंद पडतंय असं नाही, भरताना त्रास देतंय. मेटोप्रोलॉल त्याने चार आठवड्यांत पायरीपायरीने कमी करत बंद केली, बीपीची दुसरी गोळी वाढवली, अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी थोडी गोळी आणि एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू केलं. हे शेवटचं मुळात डायबिटीसचं औषध, आत्याला डायबिटीस नाही, पण २०२१ साली जवळजवळ सहा हजार पेशंटवरच्या एम्परर-प्रिझर्व्ह्ड चाचणीत अशा हृदयांना त्याचा फायदा दिसला, मुख्यतः हॉस्पिटलात भरती होणं कमी झालं. वाचणाऱ्यांपैकी कोणी माझ्या गणितावरून स्वतःची नाडीची गोळी बंद करू नका, ती एकदम बंद केली तर हृदय उसळतं, आणि कित्येकांना ती दुसऱ्याच कारणासाठी दिलेली असते. लोणच्यावरही बंदी आली. त्यावर आत्याचं मत इथे छापण्यासारखं नाही.

तीन महिन्यांनी

मे महिन्यात परत टेप, स्टॉपवॉच, आणि बोटाला लावायचं ते छोटं यंत्र घेऊन गेलो. आता आत्या एकदाच थांबते, दुसऱ्या मजल्याला. नाडी ११०.

मी खट्टू झालो. मॉडेल म्हणत होतं की या नाडीला दाब १६च्या आसपास यायला हवा, मग थांबायचं कारणच नाही. दोन रात्री उजवी बाजू उकरली, वरच्या डाव्या कप्प्याचं आकुंचन घातलं, जे आधी मी आळसाने नुसती पिशवी म्हणून सोडलं होतं, झडपांचे अडथळे बदलून बघितले. काही फरक नाही. मित्र म्हणत होता की थोडी संथ आत्याही आत असणारच, तेही घालून बघितलं, एकदोन पॉइंट वाढले, बस.

मग स्टॉपवॉचकडे बघितलं. साडेतीन मिनिटांचा जिना तिने दोन मिनिटं चाळीस सेकंदांत चढला होता. तीच उंची, तेच ५७५० ज्यूल, भागिले १६० सेकंद, ३६ वॅट. त्याला लागणारं रक्त मिनिटाला ६.६ लिटर, भागिले ११० ठोके, बरोबर ६०. परत तेच ९६ मिली, परत तोच २५चा दाब. दम त्याच दाबाला लागतोय, फक्त तिथे पोचेपर्यंत बाई आता तिसऱ्या भागाने जास्त पॉवर काढते.

म्हणून पुढच्या शनिवारी म्हटलं, "आत्या, एकदा पूर्वीच्याच वेगाने चढ ना, साडेतीन मिनिटं घे, मला बघायचंय न थांबता होतं का."

"आणि कुकर कोण बघणार वर?" म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात देऊन चढायला लागली. मी मागून स्टॉपवॉच लावलं. दोन मिनिटं एकतीस.